होकाराचा बिट

मी नववीत असताना अप्पांबरोबर एकदा साखर कारखान्याच्या वार्षिक सभेला गेलो होतो. मोठा मांडव, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, कर्कश माईक. स्टेजवरचा एक माणूस ठराव वाचायचा आणि शेवटी विचारायचा, "मंजूर?" खालून आवाज यायचा, "मंजूर, मंजूर!" आणि हात वर व्हायचे. त्यातल्या एका ठरावाविरुद्ध अप्पा आदल्या रात्री जेवताना तासभर बोलले होते. सभेत मात्र त्यांचाही हात वर गेला.

परतताना मोटारसायकलवर मागे बसून मी विचारलं, "अप्पा, तुम्ही तर विरोधात होता ना?"

अप्पा म्हणाले, "हात खाली ठिवला असता तर औंदा तोड येळेवर आली असती व्हय?"

ज्यांच्या घरी ऊस नाही त्यांच्यासाठी सांगतो. कारखान्याकडे उसाची नोंद असते आणि नोंदीप्रमाणे तोडणीची टोळी शेतात येते. कोणी तुमचा ऊस नाकारत नाही. फक्त टोळी आठवडाभर उशिरा येते, मग आणखी आठवडाभर. तोवर उसाला तुरे येतात आणि वजन घटतं. कुणाविरुद्ध तक्रार करायची, हेही कळत नाही, कारण 'नाही' असं कोणी म्हटलेलंच नसतं.

पुढे इंजिनिअरिंगला गेल्यावर मी बिटकॉइनच्या नादाला लागलो. पैसे कमावण्यासाठी नाही, तेवढे पैसे हॉस्टेलवर कुणाकडेच नव्हते. मला कुतूहल होतं ते एका साध्या प्रश्नाचं. ज्या यंत्रणेला मालक नाही, तिचे नियम बदलायचे झाले तर विचारायचं कुणाला? या प्रश्नाचं उत्तर शोधत गेलो आणि फिरून पुन्हा त्या मांडवात येऊन पोचलो.

मालक गेल्यानंतर

सुरुवातीला प्रश्नच नव्हता. ३ जानेवारी २००९ रोजी सातोशी नाकामोतो या टोपणनावाच्या व्यक्तीने (किंवा गटाने) बिटकॉइनचा पहिला ब्लॉक तयार केला. त्यानंतरची साधारण दोन वर्षं नियम बदलायचा म्हणजे सातोशीने कोड बदलायचा आणि इतरांनी नवी आवृत्ती घ्यायची. पुढे ज्यावरून महाभारत झालं, ती ब्लॉकच्या आकाराची एक मेगाबाइटची मर्यादा २०१० साली अशीच गाजावाजा न करता आली.

मग सातोशी निघून गेला. आता नियम बदलण्यात एक व्यावहारिक अडचण होती. बिटकॉइनमध्ये मायनर मंडळी व्यवहार गोळा करून त्यांचे ब्लॉक बनवतात, आणि जगभर पसरलेले नोड तो ब्लॉक नियमात बसतो का, हे तपासतात. नियम कडक केला आणि निम्म्या मायनरना त्याचा पत्ताच नसेल, तर काही जण जुन्या नियमाने ब्लॉक बनवत राहतील, काही नव्या, आणि साखळीचे दोन तुकडे होतील. म्हणून बदल लागू करण्याआधी 'किती जण तयार आहेत?' हे कळणं गरजेचं झालं.

यावर निघालेला तोडगा अगदी गावठी होता. प्रत्येक ब्लॉकच्या पहिल्या व्यवहारात मायनरला थोडा मोकळा मजकूर लिहिता येतो. २०१२ साली गॅव्हिन अँड्रीसनने 'पीटूएसएच' नावाचा बदल सुचवला तेव्हा ठरलं की, ज्याचा पाठिंबा असेल त्याने तिथे तसं लिहायचं. सात दिवसांतल्या ब्लॉकांपैकी ५५ टक्क्यांत ती अक्षरं दिसली की पुढे जायचं. एक मुदत टळली, ल्यूक डॅशजूनियरच्या प्रतिस्पर्धी प्रस्तावावरून वाद झाले, आणि अखेर १ एप्रिल २०१२ रोजी नियम लागू झाला.

पुढे ही पद्धत नीटनेटकी केली गेली. प्रत्येक ब्लॉकच्या मथळ्यात आवृत्तीचा ३२ बिटांचा एक आकडा असतो. २०१५ साली पीटर व्हुइले आणि सहकाऱ्यांनी 'बिप ९' या प्रस्तावात त्यातले २९ बिट हात वर करण्यासाठी राखून ठेवले. एका बदलासाठी एक बिट. पाठिंबा असेल तर १, नसेल तर ०. दर २०१६ ब्लॉकांनी, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, मोजणी. ९५ टक्के, म्हणजे किमान १९१६ ब्लॉकांत तो बिट १ असेल, तर बदल पक्का.

वाचताना मला हे फार सुंदर वाटलं होतं. ना माईक, ना स्टेज, ना अध्यक्ष. पण हात वर करण्याचे जे दोन जुने रोग आहेत ते इथेही होते. एक, हात खोटा असू शकतो. दोन, तो सगळ्यांना दिसतो.

खोटा हात

पहिल्या रोगाचं निदान ४ जुलै २०१५ रोजी झालं. डिजिटल सहीच्या नोंदणीचा नियम काटेकोर करणारा 'बिप ६६' नावाचा बदल तेव्हा लागू व्हायचा होता. हे 'बिप ९'च्या आधीचं असल्यामुळे पद्धत थोडी जुनी होती. शेवटच्या १००० ब्लॉकांपैकी ९५० ब्लॉक नव्या आवृत्तीचे झाले की जुन्या आवृत्तीचे ब्लॉक बाद. आपल्याकडे सकाळचे सात-पावणेआठ वाजले होते तेव्हा तो आकडा गाठला गेला. ९५ टक्के मायनर म्हणत होते, आम्ही तयार आहोत.

थोड्याच वेळात उरलेल्या पाच टक्क्यांतल्या एका लहान मायनरने जुन्या आवृत्तीचा ब्लॉक बनवला. असं होणार हे गृहीतच होतं. बाकीचे तो नाकारतील आणि पुढे जातील, अशी अपेक्षा होती. तसं झालं नाही. नेटवर्कची जवळपास निम्मी ताकद ब्लॉक न तपासताच त्यावर पुढचा ब्लॉक रचत होती. तपासण्यात काही सेकंद जातात आणि स्पर्धेत तेवढ्या सेकंदांनाही किंमत असते, म्हणून मोठमोठ्या पूल्सनी ती पायरीच गाळली होती. बाद ब्लॉकवर ब्लॉक चढत गेले. तपासणाऱ्यांची साखळी पुढे जाईपर्यंत सहा ब्लॉक वाया गेले. तेव्हा एका ब्लॉकचं बक्षीस २५ बिटकॉइन होतं, म्हणजे दीडशे बिटकॉइनची मेहनत पाण्यात.

'आम्ही हा नियम तपासू' असं ब्लॉकवर लिहिणारे काही जण प्रत्यक्षात काहीच तपासत नव्हते. नंदीबैलाने मान डोलावली म्हणजे त्याला प्रश्न कळला असं नसतं.

यावर हसण्याचा अधिकार मला नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी सहकाऱ्याचा कोड तपासायला आला की मी वरवर बघून 'ठीक आहे' असं लिहून हिरवं बटण दाबायचो. तो माझ्याहून अनुभवी होता, शुक्रवारची संध्याकाळ होती, बाकी दोघांनी आधीच होकार दिला होता. एकदा असा तिघांनी मंजूर केलेला बदल रात्री कोसळला तेव्हा कळलं की तिघांपैकी कोणीही तो चालवून पाहिला नव्हता. प्रत्येकाने दुसऱ्याच्या होकारावर आपला होकार रचला होता. तो ४ जुलैचाच किस्सा होता, फक्त आमच्या चुकीचे बिटकॉइनमध्ये मोजमाप झालं नाही.

दिसणारा हात

दुसरा रोग जास्त गंभीर.

ऑगस्ट २०१५ मध्ये माइक हर्न आणि गॅव्हिन अँड्रीसन यांनी 'बिटकॉइन एक्सटी'ची नवी आवृत्ती आणली. ब्लॉकची मर्यादा एक मेगाबाइटवरून आठवर न्यायची, आणि १००० पैकी ७५० ब्लॉकांनी पाठिंबा दाखवला तरच. प्रस्ताव बरा की वाईट हा वेगळा मुद्दा. पण जे एक्सटी चालवत होते त्यांचे नोड कोणालाही ओळखता येत होते, कारण नोड आपण कोणतं सॉफ्टवेअर चालवतो हे स्वतःच सांगतो. त्यांच्यातल्या अनेकांवर डीडीओएस हल्ले सुरू झाले, म्हणजे फालतू विनंत्यांचा एवढा मारा की यंत्र बंद पडावं. पाठिंब्याचे ब्लॉक बनवू देणाऱ्या पूलवरही हल्ला झाला. कुणी प्रस्तावाला उत्तर देण्याची गरजच उरली नाही. हात वर करणाऱ्याच्या शेताला जाणारा रस्ता अडवला की पुरे.

आता याच गोष्टीची उलटी बाजू बघा. २०१६ च्या नोव्हेंबरात 'सेगविट' या बदलासाठी बिटांची मोजणी सुरू झाली. त्याने सहीचा मजकूर व्यवहारापासून वेगळा होणार होता आणि ब्लॉकमध्ये जास्त व्यवहार मावणार होते. हवे होते ९५ टक्के, पण कित्येक महिने आकडा तिशीच्या आसपास अडकून पडला. 'तयार आहात का?' असं विचारण्यासाठी बनवलेला बिट मायनरच्या हातात नकाराधिकार होऊन बसला.

त्यावर मार्च २०१७ मध्ये 'शाओलिनफ्राय' या टोपणनावाने कुणीतरी उलटा डाव मांडला. त्याचं नाव 'बिप १४८'. त्यात मायनरना विचारायचंच नव्हतं. १ ऑगस्ट २०१७ पासून, सेगविटचा बिट १ नसलेला कोणताही ब्लॉक आमचे नोड स्वीकारणार नाहीत. तुम्ही ब्लॉक बनवा, पण जो ब्लॉक आम्ही मानत नाही त्याचं बक्षीस खपवणार कुणाला? तिकडे २३ मे रोजी ५८ कंपन्यांनी न्यूयॉर्कमध्ये वेगळाच समझोता केला होता. सेगविट घेऊ, पण सहा महिन्यांत ब्लॉकची मर्यादा दोन मेगाबाइट करू. आपल्यामागे ८३ टक्क्यांहून अधिक मायनिंग ताकद आहे, असं त्या निवेदनात म्हटलं होतं.

१ ऑगस्ट जवळ येऊ लागला तसे मायनर हलले. 'बिप ९१' नावाच्या प्रस्तावाने मधला मार्ग काढला. ३३६ ब्लॉकांच्या खिडकीत ८० टक्के होकार मिळाला की, त्यानंतर सेगविटचा बिट नसलेले ब्लॉक मायनर स्वतःच फेकून देणार. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात तो पक्का झाला, २३ जुलैला लागू झाला, आणि मग सेगविटचा पाठिंबा झटक्यात जवळपास शंभर टक्क्यांवर गेला. २४ ऑगस्टला ४,८१,८२४ क्रमांकाच्या ब्लॉकपासून सेगविट सुरू झालं. ज्यांना हे मान्य नव्हतं त्यांनी १ ऑगस्टलाच वेगळी चूल मांडून 'बिटकॉइन कॅश' काढलं.

मी तेव्हा दुसरं वर्ष संपवून तिसऱ्यात गेलो होतो. हॉस्टेलच्या खोलीत आम्ही तिघं जण एका लॅपटॉपवर ब्लॉक येताना बघत होतो आणि तो आकडा चढताना टाळ्या वाजवत होतो. लोकांनी मोठ्या मायनरना वाकवलं, असं वाटत होतं. तसं वाटणं पूर्ण चुकीचंही नव्हतं.

पण आज त्या शंभर टक्क्यांकडे पाहतो तेव्हा त्यातले किती हात मनापासून वर होते, हे सांगता येत नाही. ज्याचा बिट ० त्याचा ब्लॉक कचऱ्यात, असा नियम झाल्यावर शंभर टक्के होणारच. ब्लॉकमधले व्यवहार नियमात होते, सह्या बरोबर होत्या, गणित बरोबर होतं. तरी ब्लॉक नाकारायचा, का, तर त्यावर होकाराची खूण नाही. मला सेगविट हवं होतं, म्हणून मी टाळ्या वाजवल्या. नको असतं तर त्याच गोष्टीला मी सेन्सॉरशिप म्हटलं असतं.

आणि न्यूयॉर्कच्या समझोत्याचं काय झालं? ऐंशी टक्क्यांहून जास्त ब्लॉकांवर त्याच्या नावाची खूण झळकत होती, तरी वापरकर्त्यांचा विरोध बघून ८ नोव्हेंबर २०१७ रोजी दोन मेगाबाइटची योजना गुंडाळण्यात आली. बिटांची बेरीज एक सांगत होती, घडलं भलतंच.

चाळणीचा खर्च

इथवरचे बिट नियम बदलण्यासाठी होते. खुद्द सेन्सॉरशिपसाठी बिट मोजण्याची वेळही एकदा आली, इथेरियमवर.

१७ जून २०१६ रोजी 'द डाओ' या सामूहिक गुंतवणूक निधीच्या कोडमधल्या चुकीचा फायदा घेऊन कुणीतरी सुमारे ३६ लाख इथर काढून घेतले. ते काही आठवडे एका खात्यात अडकून राहणार होते. म्हणून सुचवण्यात आलं की, मायनरनी त्या निधीशी संबंधित व्यवहार ब्लॉकमध्ये घेऊच नयेत. मत द्यायची पद्धत मजेशीर होती. मायनरला ब्लॉकची 'गॅस लिमिट', म्हणजे एका ब्लॉकमध्ये किती गणित मावेल ती मर्यादा, थोडी वर-खाली करता येते. ठराविक ब्लॉकपर्यंत ती ४० लाखांवर किंवा खाली आली तर प्रस्ताव मंजूर.

मर्यादा खाली येऊ लागली होती, तेवढ्यात २८ जूनला एमीन ग्युन सिरर आणि दोन विद्यार्थ्यांनी त्यातली गोम दाखवून दिली. इथेरियमवर एखादा व्यवहार त्या निधीला शिवतो की नाही, हे तो चालवून पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणजे कुणीही प्रचंड गणित करायला लावणारा व्यवहार पाठवून अगदी शेवटी त्या निधीला हात लावायचा. मायनरने सगळं गणित करायचं आणि शेवटी व्यवहार फेकायचा, आणि फेकलेल्या व्यवहाराची फी मिळत नाही. थोडक्यात, गिरणीवाल्याने आधी सगळं दळण दळायचं, मग त्यात नको असलेलं धान्य निघालं म्हणून पिठासकट परत करायचं, आणि दळणाचे पैसे मागायचे नाहीत. असे शेकडो डबे आणून गिरणी बंद पाडणं कुणालाही जमलं असतं.

प्रस्ताव मागे घेतला गेला. २० जुलै २०१६ रोजी त्याऐवजी सरळ हिशेबाच्या वहीतच बदल करून पैसे परत फिरवले गेले. ज्यांना ते पटलं नाही ते आजही 'इथेरियम क्लासिक' चालवतात.

एकाच घोषणेत दोन्ही

या दोन्ही धाग्यांची गाठ पडली मे २०२१ मध्ये. बिटकॉइनवर 'टॅपरूट' या बदलासाठी मोजणी चालू होती. यावेळी उंबरठा ९० टक्के, म्हणजे २०१६ पैकी १८१५ ब्लॉक, आणि मोजणीची मुदत जेमतेम तीन महिने, म्हणजे कुणी वर्षभर अडवून बसू नये. त्याच सुमारास मॅरेथॉन या अमेरिकी मायनिंग कंपनीने जाहीर केलं होतं की, अमेरिकी सरकारच्या निर्बंधांच्या यादीतल्या पत्त्यांचे व्यवहार आपण ब्लॉकमध्ये घेणार नाही. असा 'स्वच्छ' ब्लॉक तिने बनवूनही दाखवला.

कायद्याने तसं करायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. लोक चिडले. मग मे महिना संपता संपता कंपनीने नवी घोषणा केली. टॅपरूटसाठी आम्ही बिट दाखवू, आणि व्यवहार गाळणंही थांबवू. १२ जूनला टॅपरूट पक्कं झालं आणि १४ नोव्हेंबरला लागू झालं.

ही बातमी मी तेव्हा 'चला, सुधारले' म्हणून वाचली होती. नंतर लक्षात आलं, हे दोन्ही निर्णय एकाच बटणावर होते. कोणता व्यवहार घ्यायचा आणि कोणता बिट दाखवायचा, हे ब्लॉकचा आराखडा बनवणारा ठरवतो, आणि तो आराखडा बहुतेक वेळा पूल बनवतो. ज्याच्या घरात यंत्र घोंघावतं आणि ज्याचं विजेचं बिल येतं, त्याचा हात त्याच्या वतीने पूलच वर करतो. आज मोजक्या पूल्सकडे बहुतांश ताकद आहे. लोकांच्या रागापुढे नमून व्यवहार गाळणं थांबवणारी कंपनी उद्या दुसऱ्या कुणाच्या रागापुढे नमून ते पुन्हा सुरू करू शकते.

पुढच्याच वर्षी इथेरियमवर तसंच काहीसं घडलं. ८ ऑगस्ट २०२२ रोजी अमेरिकेने 'टोर्नेडो कॅश' या व्यवहार मिसळणाऱ्या प्रोग्रामवर निर्बंध घातले. नोव्हेंबरात एका टप्प्यावर इथेरियमचे दर चारपैकी जवळपास तीन ब्लॉक त्या यादीप्रमाणे गाळून आलेले होते. व्यवहार बंद झाले का? नाही. उरलेल्या एखाद्या ब्लॉकची वाट बघत ताटकळत राहायचे, एवढंच. 'नाही' कुणीच म्हटलं नाही. तोड उशिरा आली.

हात वर करण्याआधी

मग बिट दाखवणं बंदच करायचं का? तसं मला वाटत नाही. कोण तयार आहे हे न विचारता नियम बदलले तर साखळी तुटते, आणि त्यात सामान्य माणसाचे पैसे अडकतात. पण त्या बिटाला मत समजणं मी सोडलं आहे. तो फार तर 'आमचं यंत्र तयार आहे' असं सांगतो, आणि तेही खरं असेलच असं नाही. शिवाय होकार जेवढा उघड, तेवढं तो देणाऱ्याला गाठणं सोपं. म्हणून खरी राखण बिटात नाही, मुकाट्याने प्रत्येक ब्लॉक तपासणाऱ्या हजारो नोडांत आहे. म्हणूनच व्यवहार निवडण्याचा हक्क पूलकडून मायनरकडे परत देणारे स्ट्रॅटम व्ही२ सारखे प्रयत्न मला नव्या नाण्यांच्या बातम्यांपेक्षा महत्त्वाचे वाटतात.

गेल्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा अप्पांना २०१७ चा किस्सा सांगितला. एक तारीख ठरली, सगळ्यांना आधी कळली, आणि मोठ्यांना वाकावं लागलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

मी म्हटलं, "तुम्ही सगळ्यांनीही त्या दिवशी हात खाली ठेवले असते तर?"

"सगळी म्हंजी कोण? पयला कोण ठिवणार हुता?" मग जरा थांबून म्हणाले, "आन् समजा सगळ्यांनी ठरवून ठिवला असता, तर ज्यो खरंच बाजूचा हुता, त्याचा हात आमी वर जाऊ दिला असता व्हय?"

मी हॉस्टेलच्या खोलीत वाजवलेल्या टाळ्या मला आठवल्या. त्यांना उत्तर दिलं नाही.